कासवांच्या पाठीवर कुंकू

माझे दीर नरहरभाऊजी यांच्या टीव्हीचा रिमोट आजवर कोणी उघडा पाहिला नाही. तो घरात आला त्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत गेला आणि वर रबर बसलं. आता ती पिशवी इतकी पिवळी पडली आहे की आवाज वाढवायला जावं तर चॅनलच बदलतं. मी बोलले एकदा. तर म्हणतात, "बदलू दे ना वहिनी. पण बटनं पाहा, कशी कोरी आहेत."

आम्ही रायपूरला चौबे कॉलोनीत एकाच घरात राहतो. वर मी आणि माझा मुलगा, खाली भाऊजी. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. नागपूरहून यायची ती संत्र्यांची खोकी चेपलेली, लोणच्याच्या बरण्या फुटलेल्या, कोणाच्या सायकलीचं हँडल वाकडं, कोणाच्या लग्नाच्या कपाटाचा आरसा गेलेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या सामानाचा चुरा पाहिलेला माणूस आपल्या सामानाला वारा लागू देत नाही, त्यात नवल ते काय. सोफ्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना चर्र आवाज येतो, आणि पाहुण्याला उगाच लाजल्यासारखं होतं.

यात हसण्यासारखं सगळंच होतं असं नाही. माझी जाऊ कुसुम चांगली हौशी होती. भाऊजी दर दिवाळीला पंडरीच्या कापडबाजारातून तिला साडी आणत, आणि आणली की म्हणत, "ठेव, चांगल्या कामाले नेस." चांगलं काम म्हणजे कोणतं ते काही ठरेना. ती गेली तेव्हा अंगावर घालायला नवी साडी शोधली, तर घडी न मोडलेल्या साड्यांनी पेटी भरलेली निघाली. भाऊजी त्या दिवशी पेटीजवळच बसून राहिले. पुढे मात्र त्यांची झाकाझाक कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. मीही मग बोलणं सोडलं.

तर अशा माणसाच्या हातात पत्ते कसे आले, ते सांगते.

भाऊजींचा मुलगा सुशील आणि सून पूर्णिमा दोघंही सरकारी नोकरीत. दोन वर्षांपूर्वी ते नवा रायपूरला राहायला गेले. तिथे रस्ते असे की एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक मारावी लागते, आणि हाक मारायला माणूस नाही. त्यांची पोट्टी निधी, सातवीत आहे, तिच्या सगळ्या मैत्रिणी इथेच कॉलोनीत राहिल्या. रविवारी आली की ती आजोबांना नमस्कार करायची आणि जी पळायची ती थेट संध्याकाळी दिसायची. भाऊजी तिच्यासाठी चकल्या काढून ठेवत. झाकून, अर्थात. त्या तशाच मऊ पडत.

ती पळायची ती विशालच्या दुकानात. आमच्या गल्लीच्या टोकाला झेरॉक्सवाल्याच्या वर त्याची खोली आहे. दिवसभर मुलं तिथे टेबलांवर एका वेगळ्याच पत्त्यांचा खेळ खेळतात. पत्ते म्हटल्यावर मी आधी कपाळाला हात लावला. आमच्यात पत्ते म्हणजे तीन पत्ती, आणि तीन पत्ती म्हणजे घराला कुलूप. निधी म्हणाली, "मोठी आजी, ये वो वाले नहीं हैं. इसमें जानवर हैं, किले हैं, दिमाग लगता है." पोट्टीला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतूनच येतं.

दसऱ्याच्या आधी विशालने एक स्पर्धा काढली. घरची जोडी. एक लहान, एक मोठा, दोघं एकाच घरचे, आणि दोघांकडे पेटीतून निघालेली तयार गड्डी, जशी निघाली तशी. त्यात आपल्या मनानं एकही पत्ता बदलायचा नाही. निधीचा जीव टांगणीला. सुशील म्हणाला, सुट्टीच्या दिवशी मी झोपणार. पूर्णिमा म्हणाली, मी तर हलणारच नाही. मैत्रिणींच्या आया, काका, मामा, सगळे तयार. हिच्याकडे कोणी नाही. खाली पायरीवर बसून ती रडकुंडीला आली होती, तेवढ्यात भाऊजींनी खिडकीतून विचारलं, "म्हातारा चालते काय?"

निधीने डोळे पुसले आणि त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं, जसं पंडरीत लोक कापड पाहतात. मग म्हणाली, "हव. चलता है. पर सीखना पड़ेगा, आबा."

गड्डी घ्यायला आम्ही तिघं गेलो. मी कशाला? तर भाऊजी एकटे कधी काही विकत घेत नाहीत. ना म्हणणारं कोणीतरी बरोबर लागतं.

विशालने टेबलावर पेट्या मांडल्या. एकीवर सोनेरी ड्रॅगन, नुसता झगमगाट. माझा हात तिकडेच गेला. निधी म्हणाली, "आजी, चमक मत देखो. चमकवाले पत्ते बारिश में पापड़ जैसे मुड़ जाते हैं." मग तिने आम्हाला नीट समजावलं. सुटी पाकिटं फोडत बसलं की ती लॉटरी होते, हवा तो पत्ता निघेपर्यंत खिसा रिकामा. तयार गड्डीत सगळं आधीच जुळवून दिलेलं असतं. मला हे लगेच पटलं. गोडा मसाला तयार आणला की धने कमी आणि दगडफूल जास्त ही कटकट राहत नाही. पण मसाला घेताना तो कोणत्या भाजीचा ते वाचावं लागतं, तसं इथेही पेटीच्या मागे लिहिलेलं असतं, ही गड्डी काय करते. कोणी धावून मारते, कोणी दुसऱ्याचं चोरते.

भाऊजींनी प्रत्येक पेटी हलवून पाहिली, कोपरे दाबून पाहिले आणि म्हणाले, "उघडून दाखवा जरा."

"अंकल, सील टूटा तो फिर नया कहाँ रहा?"

भाऊजींना इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "बरोबर!" म्हणाले. "वहिनी, पोरगा कामाचा आहे."

शेवटी त्यांनी सगळ्यात स्वस्तातली पेटी उचलली. तिच्यावर कासवं होती. मागे लिहिलं होतं म्हणे, थांबा, सांभाळा, घाई करू नका. निधी हसायला लागली. "ये तो आबा की ही गड्डी है. कुछ मत करो, बैठे रहो, ढक के रखो."

मग पत्त्यांची झबली घ्यायची होती. मुलं त्याला स्लीव्ह म्हणतात. पत्त्याच्या मापाची प्लास्टिकची पिशवी, तोंड उघडं, प्रत्येक पत्ता आपल्या झबल्यात. पत्त्यांनासुद्धा कव्हर मिळतं हे कळल्यावर भाऊजी खुर्चीवर बसले. मला वाटतं त्यांना आपलं गाव सापडलं.

"पीछे से बंद वाले लो, आबा," निधी म्हणाली. तिच्या स्वतःच्या गड्डीला जांभळी होती, समोरून काच, मागून जांभळं. वाढदिवसाला मिळालेली. त्यांना ती बापालासुद्धा हात लावू देत नसे.

"बंद काहून? आत माल दिसला पाहिजे ना. दोन्हीकडून पारदर्शक द्या. अन् स्वस्तही आहेत."

पार्सलवाल्याचं डोकं. डागावर, म्हणजे पार्सलच्या नगावर, लेबल नाही आणि आत काय ते दिसत नाही, असं सामान त्यांनी कधी ताब्यातच घेतलं नाही.

पुढचे दिवस खाली नुसता कासवांचा संसार. निधी रोज फोनवरून शिकवायची, भाऊजी पत्ते मांडायचे. फोनवर ती बोलायची, आणि चांगली अर्धा अर्धा तास बोलायची. खेळ संपला की पत्ते झबल्यात, झबली पेटीत, पेटी पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, आणि डब्यात डांबराची गोळी. मी विचारलं, "भाऊजी, पत्त्याले कसर लागते काय?" म्हणाले, "लागल्यावर विचारून काय फायदा?"

मग आली खंडेनवमी.

भाऊजी त्या दिवशी हत्यारं पुजतात. पाना, पक्कड, स्कूटर, कुसुमचं शिलाई मशीन. ज्यानं घर चालतं त्याला वर्षातून एकदा गंधफूल, ही आमच्या सासऱ्यांपासूनची रीत. यंदा पाटावर कासवंही होती. झबल्यातून बाहेर काढलेली, कारण देवाच्या कामात प्लास्टिक कसं चालेल? त्यांनी गड्डीतले मानाचे पाच पत्ते निवडले आणि हळद-कुंकू ओलं करून एकेक बोट लावलं. पाठीवर लावलं. तोंडावर लावलं असतं तर चित्र बिघडलं असतं ना.

मी आरतीला गेले तेव्हा पत्ते पुन्हा डब्यात गेले होते. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

रविवारी विशालची खोली माणसांनी भरली. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी डबा उघडला आणि डांबरगोळीचा वास टेबलभर पसरला. समोरची जोडी होती ऋता आणि तिचा मुलगा भार्गव, आमच्या मागच्या गल्लीतले. भार्गवने नाक धरलं. "दादाजी, आपके पत्ते बारात में जा रहे हैं क्या?"

"तू खेळ पाहा रे. वास हरवत नाही कोणाले."

गड्डी पिसून पालथी ठेवली. सगळ्यात वरच्या पत्त्याच्या पाठीवर, पारदर्शक झबल्यातून, लालभडक बोट.

"अरे, खून!" भार्गव ओरडला.

विशाल धावत आला. त्याने गड्डी उलगडून पाहिली. "अंकल, ये क्या है?"

"कुंकू आहे."

"वो तो दिख रहा है. क्यों है?"

"खंडेनवमी नव्हती काय?"

विशालने डोकं खाजवलं. रागवावं की पाया पडावं हे त्याला कळेना. "अंकल, हमारे घर भी दशहरे में गाड़ी की पूजा होती है. पर गाड़ी पीछे से पहचान में आए तो चलता है. पत्ता नहीं चलता. आपको पहले ही मालूम पड़ जाएगा कि ऊपर कौन सा आ रहा है."

"पण मी पाहत नाही ना!"

"आप नहीं देखोगे, सामनेवाला तो देखेगा."

हे भाऊजींच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते बोटांवर मोजून म्हणाले, "पाचच आहेत पण."

"वही तो रोना है, पाँच ही हैं."

"मंग बाकीच्यालेही लावून टाकतो. सगळे सारखे. वहिनी, तुमच्या पर्समध्ये कुंकवाची डबी असंन?"

होती. मी काढलीही. विशालने दोन्ही हात जोडले. "आंटी, पर्स बंद करो. प्लीज."

नियम साफ होता. खेळ सुरू व्हायच्या आत पाठी एकसारख्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर जोडी बाहेर. मागून बंद झबली असती तर काम झालं असतं, पण दुकानातली सगळी सकाळीच मुलांनी नेली होती. विशालने खोके उलटे करून दाखवले. नवी गड्डी घ्यावी तर कासवांची तेवढी एकच होती, आणि दुसरी भाऊजींना खेळता येत नव्हती.

निधीचं तोंड एवढंसं झालं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या जांभळ्या गड्डीवर हात ठेवून बसली आणि मैत्रिणींच्या टेबलाकडे पाहत राहिली.

भाऊजी उठले. सदऱ्याला नसलेल्या सुरकुत्या काढल्या. "माझ्यामुळं खोळंबा नको. निधी, तू मोठ्या आजीले घे. ती माझ्याहून हुशार आहे. कोणाची तरी गड्डी माग उसनी."

"बसते की," मी म्हटलं. "फक्त हुकूम कोणता तेवढं सांगा."

"इसमें हुकुम होता ही नहीं, आजी!" निधीने कपाळावर हात मारला. भाऊजी दाराकडे निघाले होते. डबा त्यांनी काखेत घेतला होता आणि झाकण उलटं लावलं होतं. इतक्या वर्षांत त्या माणसाने झाकण उलटं लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

निधीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या गड्डीकडे. मग एक जांभळं झबलं उचललं आणि त्यातला पत्ता सर्रकन बाहेर काढला.

"अगं, अगं!" भाऊजी दारातून ओरडले. "काढू नको! हवा लागंन त्याले!"

"आबा, चुप. बैठो. आपके वाले मुझे दो, मेरे वाले आप लो. मेरे पत्तों की पीठ साफ है, मेरा काँच में चल जाएगा."

"अन् माझं कुंकू तुझ्या जांभळ्याले आतून लागलं तर?"

"तो लगेगा."

विशालने घड्याळ पाहिलं. "जल्दी करो, बेटा."

आम्ही बसलो. एक पत्ता काढायचा, एक घालायचा. दिवाळीत करंज्या भरायला बसावं तसं. त्या पाच पत्त्यांच्या पाठी मी पदराने आधी कोरड्या पुसल्या. रंग हटला नाही, पण भुकटी गेली. पत्ता झबल्याच्या तोंडाशी नेऊन भाऊजी फुंकर मारत, मग हळूच सरकवत. एवढ्या वेळात निधीचे दहा होत. समोरची ऋता थोडा वेळ पाहत राहिली आणि मग तिनेही बाह्या सारल्या. "द्या काकू इकडे. आम्हाले जिंकायचं आहे, पण असं नाई." भार्गवही हात पुसून बसला. डांबरगोळीचा वास त्याला विसरायला झाला असावा.

विशालने शेवटी गड्डी फिरवून, उजेडात धरून पाहिली. सगळ्या पाठी जांभळ्या. "हाँ, अब ठीक है. चलो."

पहिला डाव आम्ही हरलो. कसा हरलो ते सांगण्यासारखं आहे. कासवांच्या गड्डीत एक सगळ्यात मोठं कासव आहे, पाठीवर अख्खं गाव घेऊन बसलेलं. ते भाऊजींच्या हातात सुरुवातीलाच आलं. ते त्यांनी धरून ठेवलं. ऋता मारून राहिली, भार्गव मारून राहिला, निधीची सगळी जनावरं गेली, आणि भाऊजी हातातला पत्ता छातीशी धरून बसलेले.

"आबा, वो बड़ावाला कब निकालोगे? मेरी शादी में?"

"अजून वाईट वेळ आली नाही."

"आबा, हम हार गए! इससे वाईट क्या होगा?"

खोलीभर हशा झाला. भाऊजीही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल होत्या.

दुसऱ्या डावात ते कासव मध्यावर आलं. पुन्हा तीच गत. भार्गवचा कोणता तरी तीन तोंडांचा प्राणी निधीवर चालून येत होता, आणि तिच्याजवळ अडवायला काही उरलं नव्हतं. हा डाव गेला की जोडी घरी. निधी यावेळी खाली मान घालून बसली. भाऊजींचा अंगठा त्या पत्त्याच्या कडेवरून मागे-पुढे फिरत होता. मला वाटलं, झालं, आताही पेटीत ठेवतात.

मग त्यांनी दोन्ही हातांनी तो पत्ता टेबलावर ठेवला. झोपलेलं लेकरू ठेवतात तसा. "घ्या," म्हणाले. "हे मधात आलं."

तीन तोंडांच्या प्राण्याने कासव मारलं. विशालने पत्ता उचलून बाजूच्या ढिगात टाकला.

"गेलं?" भाऊजींनी विचारलं.

"हव, गया," निधी म्हणाली. "पर मैं बची ना!" आणि तिने आपल्या पाळीला असं काही मांडलं की भार्गवचा तो प्राणी आणि त्यामागचा किल्ला दोन्ही एकदमच आडवे झाले. मला अर्थ कळला नाही, पण ऋताने कपाळाला हात लावला, त्यावरून समजलं. भाऊजी इतक्या जोरात "शाब्बास!" ओरडले की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन गेला.

तिसरा डावही आम्हीच घेतला. त्यात तर भाऊजींनी कासव हातात येताच खाली ठेवलं. गरज नव्हती तरी. निधी म्हणाली, "आबा, अब इतना भी नहीं!"

पुढच्या फेरीत एका मामा-भाचीने आम्हाला असं धुतलं की बोलायची सोय नाही. बक्षीस त्यांनाच गेलं. आम्हाला प्रत्येकी एक समोसा मिळाला.

निघताना भाऊजी खाली बसून जांभळी झबली काढायला लागले. ज्याचं त्याला परत. एका झबल्याला आतून लाल डाग पडला होता. तो त्यांनी रुमालाने पुसायला घेतला, तर निधीने हात धरला.

"रहने दो, आबा. अगले महीने फिर जोड़ी है. मैंने नाम लिखवा दिया."

"माझं?"

"और किसका? मोठी आजी हुकुम पूछती हैं." मग बोट वर करून म्हणाली, "पर एक शर्त है. अगली खंडेनवमी को गड्डी मेरे घर रहेगी."

"मंग तुमच्याकडे पूजा कोण करीन? तुझा बाप तर झोपून राहते."

"आप आ जाना. और सामने से लगाना."

आम्ही पायीच घरी निघालो. डबा भाऊजींच्या छातीशी, वर दोन्ही हात. आमच्या फाटकाशी आलो तेव्हा ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "वहिनी, कासवाच्या तोंडावर कुंकू बरं दिसंन काय?"

"न दिसाले काय झालं?" मी म्हटलं. "पोट्टीसाठी मरून आलं बिचारं. एवढा मान तर त्याचा आहेच."